मधलं शेत

उजव्या पायाची टाच डाव्या पायाच्या अंगठ्याला टेकवायची, मग डाव्याची टाच उजव्याच्या अंगठ्याला. हात पाठीमागे, मान खाली, ओठांवर आकडा. असे ते शेतं मोजत चालायचे, अनवाणी. मोजून झालं की टोपी मागे सारून एकच वाक्य म्हणायचे, "उरलंसुरलं माज्यात घाला, सूनबाय."

सूनबाय म्हणजे मी. मी शाळेत क्लार्क आहे आणि मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची यादी, लसीकरणाची यादी, लग्नात कोणी कोणाला बोलवायला जायचं त्याची यादी. लग्न होऊन गावात आले तेव्हा माझं अक्षर पाहून सासऱ्यांनी मला शर्यतीच्या टेबलावर बसवलं. बायका तिथे येत नसत. मी टेबल, खुर्ची, पाण्याची बाटली आणि दोन पेनं घेऊन येत असे. पुढची बावीस वर्षं मीच यादी लिहिली.

वडप्याच्या नाक्यावरून आत वळलात, की आज तुम्हाला निळ्या पत्र्यांची गोदामं दिसतील. एकाला एक लागून, मध्ये कंटेनर वळेल एवढीच जागा. तुम्हीही हायवेवरून जाताना पाहिली असतील. तिथे आमच्या घोडागाडीच्या शर्यती व्हायच्या. मैदान असं वेगळं नव्हतंच. सात घरांची सात भातशेतं होती, एका रांगेत. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला गाडीवाट. भात निघालं, जमीन वाळली, की माघात मधले सगळे बांध तोडायचे आणि सलग धाव करायची. अर्धवट बांध ठेवून चालत नसे. चाक आदळलं की गाडी उलटते. शर्यती संपल्या की पावसाच्या आधी सगळे बांध पुन्हा जिथल्या तिथे घालायचे.

ते जिथल्या तिथे घालायचं काम त्यांचं. गाव त्यांना बांधवाले म्हणत असे. मी काका म्हणायची. त्यांचं नाव इथे लिहीत नाही; त्यांच्या घरच्यांना विचारायचं तोंड मला नाही.

त्यांची रीत सोपी होती. रांगेच्या दोन टोकांना हद्दीचे दोन जुने दगड होते. एका दगडापासून निघायचं आणि आतल्या बाजूला येत एकेका शेताची ठरलेली पावलं मोजायची. मग दुसऱ्या दगडापासून तसंच. दोन्हीकडची तीन-तीन घरं झाली, की मध्ये जे राहील ते चौथं शेत. ते त्यांचं स्वतःचं.

पावलं मोजायला दुसऱ्या कोणाला देत नसत. एका वर्षी त्यांचा पाय मुरगळला होता, म्हणून त्यांचा पुतण्या बूट घालून मोजायला निघाला. काका बांधावर बसून बघत होते. दोन शेतं झाल्यावर म्हणाले, "थांब. रान वाढत न्हाय, तुजा बूट वाढतोय." आणि लंगडत उठून पहिल्यापासून मोजलं.

मी मागून वही घेऊन चालायची. ते आकडा सांगत, मी लिहायची. पहिल्याच वर्षी म्हणाले, "या सहा जणांचं लिवा. माजं नको."

"यादी अर्धी कशी ठेवायची, काका?"

"बरं, लिवा. कोण वाचतंय?"

यादी अर्धी ठेवणं मला जमत नाही. मी सातही लिहिले, दर वर्षी.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सातपासून गाड्या यायला लागत. राहनाळचा अबलख, अकलोलीची पांढरी घोडी, कल्याणकडचे दोन-तीन. घोड्यांच्या अंगावर हळदीचे पंजे, गळ्यात झेंडू. मी नाव, गाव, घोड्याचा रंग लिहून क्रमांकाची चिठ्ठी द्यायची. कोणी म्हणायचं, "वहिनी, आमाला पहिल्या फेरीत घाला, घोडं तापलंय," आणि मी म्हणायची, "घोडं तापलं तर पाणी पाजा, नंबर बदलणार नाही." भजीचा घाणा, पेंढ्यावर बसलेली म्हातारी माणसं, भोंग्यावर दोन भाषांतलं समालोचन. ओढ्याच्या बाजूने लूमवाले यूपीवाले येत, ड्युटी संपवून तसेच, केसांत कापसाची धूळ घेऊन. ते ओरडत मात्र आमच्याच गावच्या घोड्यासाठी.

काकांनी आयुष्यात घोडा पाळला नाही. ते सुरुवातीला झेंड्यापाशी नसत, शेवटी निकालाच्या दोरीपाशीही नसत. आपल्या शेताच्या कडेला, बरोबर मध्यावर, एकटे उभे राहत. गाड्या समोरून गेल्या की टोपी काढत. कोण जिंकलं हे त्यांनी मला कधी विचारलं नाही.

मी एकदा विचारलं, इथून काय दिसतं?

"तिकडं सुरवातीला घोडं हाकणाऱ्याचं असतं," ते म्हणाले. "शेवटाला लोकांचं असतं, आरडून आरडून खेचतात त्याला. हितं मधी कोण न्हाय. हितं ते स्वताचं असतं." मग जरा लाजून म्हणाले, "असं मना वाटतं."

त्या दिवसापासून मी एक फेरी टेबल सोडून मधल्या शेतापाशी जाऊन बघू लागले. खरं सांगते, त्यांचं बरोबर होतं. तिथे चाबूक हवेत असायचा आणि घोड्याला त्याची खबर नसायची.

आता दुसरी गोष्ट, जी मला लिहायची नाही आणि जिच्यासाठी हे लिहायला घेतलं.

बांध घालायच्या दिवशी प्रत्येक घरचा माणूस आपल्या हद्दीवर हजर असे. काका मोजत आले, की तो म्हणे, "गेल्या साली बांध याच्या पुढं व्हता."

"व्हता काय? किती?"

"एक पाऊल तरी."

काका वाद घालत नसत. "माजा पाय आखडला असंल," म्हणत आणि एक पाऊल पुढे सरकून खूण करत. कारण वाद झाला तर पुढचं वाक्य ठरलेलं होतं: मग पुढच्या साली आमचा बांध तोडायला देणार नाही. सातांतला एक जरी नाही म्हणाला तरी धाव तुटत होती. हे सगळ्यांना कळलेलं होतं. म्हणून एका वर्षी एक घर, दुसऱ्या वर्षी दुसरं, कधी दोन्हीकडून. जे कोणाचं वाढे ते पुढे ढकलत ढकलत मधल्या शेतात येऊन थांबे.

आमचं शेत त्यांना लागून, पूर्वेला. माझे सासरे सज्जन माणूस होते, देवळात कीर्तनाला पुढे बसत. तेही दर दोन-तीन वर्षांनी म्हणत, "एक पाऊल अजून, बांधवाले." मी मागे वही घेऊन उभी असायची. पहिल्या वर्षी मधलं शेत दोनशे चाळीस पावलं होतं. शेवटच्या वर्षी एकशे शहाण्णव. आकडे माझ्या अक्षरात आहेत.

मग गोदामवाले आले. त्यांना सातही शेतं एकदम हवी होती. काकांनी सगळ्यात शेवटी होकार दिला. एवढंच म्हणाले, "सगळे गेल्यावर मी मधी काय करू?" त्या माघात शेवटची शर्यत झाली. भोंग्यावर कोणीतरी भाषण केलं, शाली दिल्या गेल्या, बांधवाल्यांना द्यायची राहिली. वैशाखात ते फावडं घेऊन निघाले तेव्हा लोक हसले. जमीन विकली, आता बांध कशाला? ते म्हणाले, "कोणाचं किती ते दिसाया नको?" आणि एकट्याने सहाही बांध घातले. मी वही घेऊन मागून चालले. त्या वर्षी कोणी जादा पाऊल मागितलं नाही. मागायला कोणी आलंच नव्हतं.

ज्याचं जेवढं क्षेत्र तेवढे पैसे मिळणार होते, म्हणून पुढच्या महिन्यात सरकारी मोजणी झाली. यंत्र लावून, नकाशा पसरून मोजणीवाल्याने खुंट्या ठोकल्या. नकाशाप्रमाणे मधलं शेत मोठं निघालं आणि बाकीची सहा, आज बांध आहेत त्यापेक्षा लहान. खुंट्या आमच्या शेतात चांगल्या आत आल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं. वर्षानुवर्षं बांध तोडून खऱ्या खुणा यानंच पुसल्या. आता मोजणीवाल्याला हाताशी धरून सगळ्यांचं ओढून घेतोय. बांधवाल्याचा बांधकोऱ्या झाला, शेजाऱ्याचा बांध कोरून रान खाणारा. शेताच्या गावात याहून वाईट शिवी नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या दारात आले. आत बसले नाहीत. "सूनबाय, सांजच्याला देवळात बैठक हाय. तुमची वही घेऊन या. पैल्या सालाचं वाचा आणि शेवटचं वाचा. मना जमीन नको. नाव तेवढं धुऊन निघूं दे."

मी हो म्हणाले.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "वही वाचलीस तर आपलं शेत आपल्याच तोंडाने कमी करशील. आणि बाबांचं नाव निघेल. मेलेल्या माणसाचं." दीर म्हणाले, "पाच घरांशी वाकडं घेऊन आपल्याला याच गावात राहायचंय." दोघांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं झालं असतं.

वही कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात होती, रेशनकार्डांच्या खाली. मी कप्पा उघडला, पाहिली, बंद केला.

देवळात काकांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "आणली का, सूनबाय?"

मी म्हणाले, "वही सापडत नाही."

सभामंडपात चाळीसेक माणसं असतील. माझ्याकडून कधी कागद हरवत नाही हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. शाळेचे जुने दाखले शोधायला लोक माझ्याकडे येतात. काकांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग लोकांकडे वळून म्हणाले, "जुनी वही हाय. उंदरांनी खाल्ली असंल."

एवढ्या माणसांत मला वाचवणारे तेच.

पश्चिमेकडच्या शेताचे आप्पा उठून म्हणाले, "वही-बिही सोडा. तुमी काय देणार ते बोला."

"आज बांध हाय तीच हद्द," काका म्हणाले. "लिवून घ्या. मी सही करतो."

त्यांनी सही केली. चव्वेचाळीस पावलं जमीन, रांगेच्या रुंदीची, एका सहीत गेली. मला वाटलं, निदान आता तरी तोंडं बंद होतील. झालं उलटं. पायऱ्या उतरता उतरता आप्पाच म्हणाले, "बघितलंत? उघडं पडलं म्हणून सोडलं. चोर नसता तर सोडलं असतं का?"

त्यानंतर जेसीबी आला. काकांना सहा बांध घालायला बारा दिवस लागले होते, त्याने एका सकाळीत सपाट केले आणि वर मुरमाचा भराव पडला.

दिवाळीच्या सुमारास मला राहवेना. वही पिशवीत घातली आणि ते नाक्यावर रिक्षाची वाट बघत बसत तिथे गेले. शेजारी बसले. म्हणाले, "काका, वही."

त्यांनी ती हातात घेतली, पानं उलटली. सहीपुरतं सोडलं तर त्यांना वाचता येत नव्हतं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. बावीस वर्षं त्यांनी माझ्या अक्षरावर नुसता विश्वास ठेवला होता. थोड्या वेळाने वही परत माझ्या मांडीवर ठेवली.

"हितं नाक्यावर काय करू हिचं? देवळात वाचायची व्हती."

"आजही वाचते. बैठक बोलवा."

"कोण येल?" ते म्हणाले. "आता सगळे गाडीतनं फिरतात." रिक्षा आली. बसताना म्हणाले, "घरी जा, सूनबाय. ऊन लागंल." रागावून म्हणाले असते तर मी ते लिहून ठेवलं असतं आणि आयुष्यभर वाचलं असतं. ते रागावले नव्हते.

मी बैठक बोलावली नाही. कोणी अडवलं नव्हतं. शाळेत परीक्षेचे अर्ज भरायचे दिवस होते, मग परीक्षा आली, मग नवीन घराचं काम निघालं. कारणांची यादी मला आजही तोंडपाठ आहे.

ते शेवटपर्यंत गोदामांच्या रस्त्याने चालले नाहीत. ओढ्याच्या पलीकडून लांबचा फेरा घालून नाक्यावर यायचे. गावच्या लग्नात पंगतीच्या कडेला बसायचे. पोरं मागून "बांधकोऱ्या" म्हणायची, ते मान खाली घालून पुढे जायचे. यंदा चैत्रात गेले. फार आजारी वगैरे नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पाच-सहा माणसं होती. शेजाऱ्यांकडून आलेला चहा फिरत होता. आप्पा भिंतीला टेकून बसले होते, त्यांचंही आता वय झालंय. कोणीतरी म्हणालं, माणूस कष्टाळू होता. आप्पा म्हणाले, "व्हता तर. ते बांधाचं तेवढं सोडलं तर नाव ठेवाया जागा न्हाय."

मी कप खाली ठेवला. "बांध त्यांनी कोरला नव्हता, आप्पा. आपण कोरला. तुम्ही, माझे सासरे, सगळ्यांनी. वही माझ्याकडे आहे. तेव्हाही होती. मी खोटं बोलले."

मला वाटलं होतं, ते चिडतील. मी तयारीने गेले होते, उत्तरं मनात क्रमाने लावून. आप्पांनी चहाचा घोट घेतला आणि हळूच म्हणाले, "ते काय आमाला ठावूक न्हाय का, सूनबाय? आमीच मागितली ना पावलं. सगळ्यांना ठावूक व्हतं."

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. एकाने हलवली, होकारार्थी.

आतल्या दाराशी काकांची बायको बसली होती, गुडघ्यांभोवती हात घालून.

"मना ठावूक न्हाय व्हतं," ती म्हणाली.