काकांच्या विहिरीचा कौल

मी आयुष्यात एकदाच चोरी केली, आणि तीही देवळात. पेटीतले पैसे किंवा नारळ असलं काही नाही. शेजारच्या काकांचा कौल चोरला.

आमच्या पेडण्याकडे विहीर खणायची असो की मुलगी द्यायची असो, माणसं आधी देवाला विचारतात. गुरव मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे टक लावून बसतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देव याहून जास्त बोलत नाही, आणि बहुतेक प्रश्नांना एवढं पुरतंही.

काकांना घरामागच्या भाटात, नारळी-काजूंच्या मध्ये, विहीर खणायची होती. गुरव म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक पाणी लागणार आसात तर उजवी दी." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज माझा. कारण त्याच पाकळीवर मी मनातल्या मनात माझाही प्रश्न चढवला होता: देवा, तो डिचोलीचा मला हो म्हणेल काय?

स्वतःचा वेगळा कौल लावायला काय झालं होतं, असं नात विचारते. अगं, गुरव प्रश्न मोठ्यानं घालतो, आणि माझे बाबा पुढच्याच रांगेत बसले होते.

उजवी पडली. काकांनी हात जोडले, मी डोळे मिटले.

तेव्हा मी पणजीला एम.ए. करत होते, विषय तत्त्वज्ञान. तर्कशास्त्रात वर्गात मला सगळ्यांत जास्त गुण होते, हे वाचणाऱ्यानं पुढचं वाचताना विसरू नये. माझा तर्क असा. पेडण्याला जायचं तर म्हापशाला बस बदलावीच लागते, म्हणून मी म्हापशावरून जाते. पण डिचोलीला पणजीहून सरळ बस आहे. तरी हा माझ्या वर्गातला डिचोलीचा रोज संध्याकाळी आमच्याबरोबर म्हापशापर्यंत येतो. का येतो? शिवाय एकदा त्यानं मला मिरचीचं अर्धं भजं दिलं होतं. अर्धं! उरलेलं अर्धं त्यानं स्वतः खाल्लं. माझ्या हिशेबी आमचा साखरपुडा झाल्यासारखाच होता.

आता माझी नात विद्यापीठात शिकते. शनिवारी घरी आली की फोन उघडून बसते. कुणीतरी तिचा मेसेज वाचलाय आणि उत्तर दिलं नाही, नुसता बदाम टाकलाय. लाल का टाकला नाही, पिवळा का, यावर तिच्या तीन मैत्रिणी फोनवरून चर्चासत्र घेतात. मी हसत नाही. अर्ध्या भज्यावर दोन सत्रं काढलेली बाई कुठल्या तोंडानं हसणार?

तर कौल मिळाल्यावर मी धीट झाले. पुढच्याच शुक्रवारी म्हापशाच्या बसस्टँडवर, बाजाराची ही गर्दी, टोपल्या, केळ्यांचे घड, त्यात मी त्याला थांबवलं.

"तू रोज म्हापशावरून जातोस."

"हो."

"डिचोलीला सरळ बस असताना."

"ती पणजीतच भरते गो. म्हापशाची रिकामी सुटते, जनेलाकडची शीट मिळते. वारा नाही लागला तर मला उलटी होते."

वर्षभर जपलेलं माझं गुपित त्यानं असं एका वाक्यात खिडकीबाहेर टाकलं. तरी मी मागे हटले नाही. माझ्या पाठीशी देव होता.

"म्हणजे माझ्यासाठी नाही?"

त्यानं खरोखर विचार केला. हा त्याचा एक गुण मी आजही मान्य करते. मग म्हणाला, "नाही गो. तू बरी आहेस. पण तसं नाही." आणि लगेच, "रागावलीस? माझी बस लागली." जनेलाची शीट गेली असती ना. धावला.

प्रेमात मार खाल्ला की भूक मरते असं मी ऐकून होते. स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून मी पातळ भाजीच्या दोन बश्या आणि तीन उंडे संपवले. पावाच्या करकरीत सालीनं बशी पुसताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बटाटे फार छान शिजले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे तत्त्वज्ञानाच्या एकाही प्राध्यापकानं मला शिकवलं नव्हतं.

शहाणी मुलगी इथं थांबली असती. मी तर्क लढवला. देव होय म्हणतो, हा नाही म्हणतो, म्हणजे दोघांपैकी एक चुकतो आहे, आणि देव चुकत नाही. पण मग शंका आली. पाकळी एक, प्रश्न दोन. ते होय नक्की कुणाला होतं? याचा निकाल एकच गोष्ट लावू शकत होती. विहिरीला पाणी लागलं तर कौल काकांचा. कोरडी राहिली तर कौल माझा.

त्या रविवारपासून शेजाऱ्यांची विहीर कोरडी राहावी म्हणून मी देवाला विनवू लागले.

वैशाखाचं ऊन. काकी खालच्या झरीवरून पाणी आणायची. डोक्यावर एक कळशी, कमरेवर एक, सकाळ-संध्याकाळ आमच्या दारावरून. मी गोड आवाजात विचारायची, "काकी, लागलं पाणी?"

"खंयचां पाणी? धूळ लागता."

मी हळहळून "अरेरे" म्हणायची, आत जायची आणि काजूच्या बोंडांचा गार रस, निरो, ग्लास भरून प्यायची. तो त्या वर्षी फारच गोड निघाला होता.

वेंगुर्ल्याकडून आलेले गडी जांभा फोडत खाली खाली जात होते. पाच पुरुष खोल गेले तरी कुदळीचा आवाज टणक. काका एरवी मला "काय मास्तरीण" म्हणून चिडवायचे, ते गप्प झाले. बाबा म्हणायचे, "देवाचा कौल खोटा पडायचा नाही." मीही मनात म्हणायची, तेच तर.

एका सकाळी काका गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, हातात तांब्या घेऊन आमच्या अंगणात आले. तांब्यात तांबडं गढूळ पाणी. ते प्रत्येकाला घोटभर प्यायला लावत होते. माझी पाळी आली. मी प्याले. मातीची चव आली आणि मी ढसाढसा रडले.

"बघा," काका बाबांना म्हणाले, त्यांचाही आवाज ओला झाला होता, "ह्याला म्हणतात शेजार. आमच्या घरात कोण रडला नाय, हे चेडू रडता." आणि गुळाचा पहिला खडा माझ्या हातावर ठेवला.

मी निर्लज्जपणानं बरंच काही खाल्लं आहे. तो गूळ मात्र उतरेना.

आठ दिवसांनी पाणी निवळलं. काकी विहिरीवर एकटी होती. मी तिच्यापाशी जाऊन सगळं ओकले: डिचोलीचा, भजं, पाकळी, आणि ती कळश्या वाहत असताना मी मागितलेला दुष्काळ. काकी दोर ओढत राहिली. मला वाटलं, आता ही भरलेली बादली माझ्यावर ओतणार. तिनं ती काठावर टेकवली, काका भाटात लांब आहेत ना ते बघितलं आणि म्हणाली:

"अगो चेडवा, त्या पाकळीर तुज्या आधी मी बसललंय. मी इचारललंय, तुज्या काकाक, ह्या घोवाक सोडून म्हायेराक आवशीकडे कायमची जाव काय, पाणी हाडून हाडून माजी मान मोडली. देवान उजवी दिली. पिशवी भरून ठेवलेली. आता हंय पाणी लागलां, म्हणान रवलंय. तू कोणाक सांगू नको, मी कोणाक सांगूचंय नाय."