वेगळा पिंजलेला कापूस

पत्नी गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात नात यवतमाळला माझ्याकडे आली आणि तिला धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, आधी जुन्या गाद्या-उशांमधली धूळ काढा. त्रास थांबला नाही तर मुलगी तिला परत नेणार होती. म्हणून टेम्पोत कापूस पिंजायचं यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका माणसाला मी थांबवलं.

नाकाला रुमाल बांधून तो अंगणात गाद्या उसवू लागला. थोड्याच वेळात त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या. नात खिडकीतून हसली, तसा तो ओरडला, "खिडकी लाव वो माय! तुह्यासाठीच तं धूळ काढून राह्यलो."

एक उशी मी मागे ठेवली होती.

"हे काहून नाही देत, काका?"

"बायकोची होती. राहू द्या."

त्यानं यंत्र बंद केलं. आत अडकलेला आमच्या गाद्यांचा कापूस बोटांनी वेचून काढला, फडक्यानं आतून पुसलं. मग हात पुढे करून म्हणाला, "द्या आता. काकूच्या कापसात दुसरा कापूस नाही मिसळू देत. फक्त धूळ जाईन."

मी उशी दिली.

नव्या खोळीतली ती उशी नातीनं स्वतःसाठी घेतली. आठवडाभरात तिची धाप थांबली, आणि ती सुट्टी संपेपर्यंत राहिली. दुपारी ती झोपली की मी पुस्तक मिटून तिचा संथ श्वास ऐकायचो.

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. घरोघरची धूळ अंगावर घेणाऱ्या त्याला रोज शांत झोप लागत असू दे, एवढं मात्र मनात येतं.