सुपापुढचं दूध

मी तेलीबांध्याच्या तलावावर रोज फिरायला जातो, म्हणून छठपूजेच्या पहाटे एक बाई दरवर्षी दिसायची. कमरेएवढ्या पाण्यात फळांचं सूप उचलून उभी राहायची आणि तिचा मुलगा सुपापुढे सूर्याला दूध सोडायचा. यंदा तो सिलतऱ्याच्या कारखान्यात भाजून गेला.

घरात मरण झालं की त्या वर्षी छठ करत नाहीत. तरी ती सूप घेऊन आली, तेव्हा घाटावरच्या बायकांनी तिला तसं सुनावलंच.

ती म्हणाली, "छठ नहीं करूँगी, तो मान लिया न, कि वो नहीं रहा?"

बायका दूर सरकल्या. सूर्य वर आला. तिनं सूप उचललं आणि सवयीनं शेजारी पाहत थांबली. सूप तसंच धरून ठेवलं, पण दूध सोडायला कोणी येईना.

सोबत आलेली माझी बायको म्हणाली, "घरी चला, काहून पाहून राहिले?"

रोज नेमानं परत येणाऱ्या त्या सूर्याचा मला राग आला.