एका मताने हरलेले व्याही

निवडणुकीशिवायही माणूस सुखाने जगू शकतो, हे माझ्या व्याह्यांना पटवून देणारा अजून जन्माला यायचा आहे. हे व्याही ब्राझीलचे. आमच्या मुलीने ब्रिस्टलला शिकताना त्यांच्या मुलाशी लग्न ठरवलं, आणि मग आम्हाला कळलं की मुलाचे वडील तिकडे सैन्यात कर्नल होते, पुढे गणवेश उतरवून राजकारणात शिरले आणि एका गावाचे दोनदा नगराध्यक्ष झाले. तिसऱ्यांदा एका मताने पडले. "ते मत कुणाचं, ते मला माहीत आहे," असं ते प्रत्येक जेवणात सांगत, आणि कुणाचं म्हणून विचारलं की वाटीत आणखी आमटी वाढून घेत. पत्नी गेल्यावर दर उन्हाळ्यात ते इंग्लंडात, रीडिंग गावी मुलाकडे, म्हणजे आमच्यापासून तीन घरं सोडून, राहायला येऊ लागले. मराठीतला 'व्याही' एवढा एकच शब्द त्यांना येई. बाकी आमचं इंग्रजीत चाले.

त्यांच्यातला कर्नल सकाळी जागा होई. गल्लीतले कचऱ्याचे डबे ते एका रांगेत उभे करत, आणि रांगेबाहेर गेलेल्या डब्याकडे अशा नजरेने बघत की डब्याच्या मालकालाच शरम वाटावी. दुपारनंतर त्यांच्यातला पुढारी बाहेर पडे. सुपरमार्केटच्या रांगेत पुढच्या-मागच्या सगळ्यांशी हस्तांदोलन, बाबागाडीतल्या बाळांची चौकशी. एकदा मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो, तर आमचा नंबर येईपर्यंत त्यांनी तीन म्हाताऱ्यांना गुडघ्याचं ऑपरेशन लवकर करून देण्याचं वचन दिलं होतं. शिवाय खिशात कायम हिरव्या शाईचं पेन. भाजीच्या यादीवरसुद्धा ते हिरवी सही ठोकत.

अशा माणसाला मी आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेला नेलं, ही माझी चूक. आमच्या मंडळात निवडीची पद्धत सोपी आहे: जो सभेला आलेला नसतो, तो निवडून येतो. त्या वर्षी नेमके सगळे आले होते आणि हॉल सेक्रेटरीचं पद कुणी घेईना. काम काय, तर हॉलची किल्ली आणायची, ऐंशी खुर्च्या मांडायच्या आणि परत रचायच्या. व्याह्यांनी हात वर केला. अध्यक्षबाईंचा जीव भांड्यात पडला. "वा! बिनविरोध!" त्या म्हणाल्या. मी त्या शब्दाचा अर्थ सांगितला, तसे व्याही ताडकन उठले.

"नो, नो! आमच्या सैन्यात सगळंच बिनविरोध व्हायचं. म्हणून तर मी सैन्य सोडलं. मला विरोधक पाहिजे!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "व्याही, प्लीज. मला अजून एकदा निवडून यायचंय. कुणीतरी मोजून निवडलेला माणूस म्हणून घरी जायचंय."

मी त्यांच्या विरोधात उभा राहिलो. "अहो, घरातल्या चार खुर्च्या तुम्ही कधी जागेवर ठेवल्या नाहीत," एवढंच बायको म्हणाली.

मतदान दोन आठवड्यांवर ठेवलं, आणि तेवढे दिवस व्याह्यांनी प्रचार केला. तिकडच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी मुलाच्या गाडीवर भोंगा बांधून स्वतःवर रचलेलं गाणं वाजवलं. आइस्क्रीमची गाडी आली समजून गल्लीतली पोरं धावली, तर "मतदानाच्या आधी खाऊ म्हणजे लाच!" म्हणून त्यांना परत पाठवलं. मी काहीच केलं नाही. उलट मत त्यांनाच दिलं.

मतमोजणी अध्यक्षबाईंनी सगळ्यांसमोर केली. मला एकवीस, त्यांना वीस. भोंग्याला कंटाळलेल्या लोकांना माझी दया आली असावी. टाळ्या वाजल्या. मला मात्र टेबलावरची एक चिठ्ठी दिसली. माझ्या नावापुढे हिरव्या शाईची खूण होती.

"अहो, तुम्ही स्वतःला मत दिलं असतंत तर जिंकला असतात!" मी त्यांना कोपऱ्यात गाठून म्हणालो.

"व्याही, सैन्यात मी आयुष्यभर फक्त स्वतःवर विश्वास ठेवला. मतदानाच्या दिवशी तरी दुसऱ्यावर ठेवावा."

"मग तिकडचं ते एक मत...?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. वाढून घ्यायला आमटी नव्हती. मग ते माझ्याबरोबर खुर्च्या रचायला लागले. ऐंशीच्या ऐंशी, एका रांगेत.

यंदा ते आले नाहीत. डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलाय. सभेच्या दिवशी मात्र त्यांचा फोन आला. "कोण जिंकलं?"

"मीच. बिनविरोध."

"सॉरी, व्याही," ते म्हणाले, आणि ते मनापासून होतं.

खरं सांगतो, खुर्च्या आता मी एकटाच रचतो आणि मला त्यांची फार आठवण येते. ती हिरव्या खुणेची चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे. माझ्यावर एवढा विश्वास ठेवून आजवर दुसरं कुणी हरलेलं नाही.