ताजं न केलेलं द्रावण

बाटलीतलं द्रावण आदल्या दिवशीचं आहे हे मला माहीत होतं. चूक नंतर लक्षात आली, असं मी काही वर्षं स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. ती मुलगी सूक्ष्मदर्शकावर वाकलेली असताना मी बाटलीकडे पाहिलं, आणि काही बोललो नाही.

२०१७ साल असेल. डहाणूच्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवत होतो. माझा खरा अभ्यास खाडीतल्या माशांवरच्या परजीवींचा. गावालगतच्या आगरच्या किनाऱ्यावर पहाटे होड्या लागल्या की मी टोपली घेऊन उभा असायचो आणि कोळणी मला विचारायच्या, आज पण कुजकाच मासा पाहिजे का, सर? त्या कामात मी सुखी होतो. पण मूल्यांकन समिती येणार म्हणून महाविद्यालयाचं संकेतस्थळ नवं झालं आणि प्रत्येक प्राध्यापकाला आपला संशोधनाचा विषय लिहून द्यायला सांगितलं. आमचे विभागप्रमुख म्हणाले, माशांवर कोण खूश होणार, काहीतरी आरोग्याचं लिहा, आपल्या भागातलं. मी लिहिलं, ‘सिकलसेल आजार आणि वनौषधी’. दोन्हींतलं मी काहीच केलेलं नव्हतं. विभागप्रमुख पाठीवर थाप मारून म्हणाले, "चला, माशांचे डॉक्टर माणसांत आले."

पुढच्या जूनमध्ये तलासरीच्या आतल्या एका पाड्यावरची मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, सर, मोबाइलवर तुमचा विषय वाचला, म्हणून वापीचं कॉलेज सोडून इथे आले. तिची धाकटी बहीण आश्रमशाळेत शिकत होती आणि तिला सिकलसेल होता. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडं अशी दुखतात की माणूस कळवळतो. थोरलीच्या रक्तात तो दोष अर्धाच होता, तिला स्वतःला त्रास नव्हता. धाकटीला आई आणि बाप दोघांकडून आला होता. सरकारी दवाखान्यातून तिला रोज घ्यायच्या कॅप्सूल मिळत. त्या संपल्या की बापाची एका दिवसाची मजुरी बुडवून आणाव्या लागत.

त्याच दिवशी मी तिला सांगायला हवं होतं, की बाई, संकेतस्थळावरची ती ओळ रिकामी आहे. त्याऐवजी मी तिला प्रकल्प दिला. शेवग्याच्या पाल्याच्या अर्काने पेशींचं वाकणं थांबतं का, हे बघायचं. करायला सोपं. बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, काचपट्टीवर एका रसायनाचं द्रावण मिसळायचं. त्याने प्राणवायू ओढला जातो आणि दोष असलेल्या पेशी वाकतात. दुसऱ्या पट्टीवर त्यातच अर्क घालायचा आणि फरक पाहायचा. थेंब ती स्वतःच्याच बोटाचा घेई. दोष अर्धा असला तरी या द्रावणात तिच्याही पेशी वाकत.

एकच अट असते. ते द्रावण त्याच दिवशी केलेलं पाहिजे. शिळं झालं की त्याचा जोर जातो, पेशी वाकतच नाहीत, अर्क घाला नाहीतर पाणी घाला.

पहिल्या दिवशी ताज्या द्रावणात, अर्काशिवाय, पेशी छान वाकल्या. दुसऱ्या दिवशी अर्क घातलेली पट्टी लावली, ती कालच्या उरलेल्या बाटलीतून. रसायन संपत आलं होतं, समिती तोंडावर आली होती. तिने डोळा लावला आणि बराच वेळ उचललाच नाही. मग म्हणाली, सर, गोल आहेत, सगळ्या गोल आहेत. मी पाहिलं. गोलच होत्या. ताजं द्रावण करून पुन्हा लावूया, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, फोटो काढून ठेव.

पोस्टर झालं. समितीतले एक गृहस्थ, पदार्थविज्ञानाचे, त्यापुढे थांबले. घरी कुणाला आहे का हा आजार, असं त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "माझ्या बहिणीला आहे, सर. ती आता हाच पाला उकळून घेते. कॅप्सूल बंद केल्यात."

गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "लॅब टू लँड. व्हेरी गुड." प्राचार्य हसले. मीसुद्धा हसलो. माझे हात त्या वेळी पाठीमागे होते आणि एकमेकांना घट्ट धरून होते, एवढं आठवतं.

समिती गेल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. कॅप्सूल बंद करू नका, दोन्ही चालू ठेवा, असं सांगितलं. तिने सरळ विचारलं, "पण पेशी गोल राहतात ना, सर? आपण दोघांनी बघितलंय." बहिणीला कॅप्सूलने मळमळतं, आणि पाला दारातच आहे, असंही म्हणाली. तेव्हा तोंड उघडलं असतं तर पोस्टर खोटं ठरलं असतं, समितीला दाखवलेलं खोटं ठरलं असतं, आणि तिला त्या वर्षी मिळालेली एकमेव शाबासकीही गेली असती. हे शेवटचं कारण मी पुढे करून बाकीची दोन त्यामागे लपवत होतो. मी म्हणालो, तरीपण डॉक्टरांना विचारा. त्यांनी विचारलं नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही.

मग रोज सकाळी हजेरी घेताना तिचा नंबर आला की मी मान वर करायचो नाही. ती ‘हजर’ म्हणाली की श्वास सुटायचा. घरी जेवताना बायको विचारायची, लक्ष कुठे आहे? मी म्हणायचो, पेपर तपासायचे राहिलेत. माशांचं काम बंदच पडलं होतं, कारण आता सगळे मला सिकलसेलवाले सर म्हणायचे. दुसऱ्या एका महाविद्यालयाने तर व्याख्यानाला बोलावलं. मी गेलो. बोललोही.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि ती मुलगी यायची थांबली. तिच्या वर्गातल्या एका मुलीने सांगितलं, बहिणीला सीमेपलीकडे, गुजरातमधल्या दवाखान्यात ठेवलंय, रक्त चढवतात.

दुसऱ्या दिवशी मी हायवेवर बस धरली. तलासरी आली, मागे पडली. उतरून परत जावं असं दोनदा वाटलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तिचा बाप उकिडवा बसला होता. मला पाहून तो गडबडीने उठला. शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकाला गुजरातीत अभिमानाने म्हणाला, "आ साहेब दवा शोधे छे." मग त्याने मला बसायला आपला गमछा अंथरला. पोरगी आत झोपली होती. दुखणं थोडं उतरलंय, पण डॉक्टर अजून काही सांगत नाहीत, असं तो म्हणाला. थोरली भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मग बाप हळू आवाजात म्हणाला, "आमचीच चूक झाली, सर. शेवग्याला पानं नव्हती ना. दोन येळचा पाला आम्ही एकच येळ दिला. म्हणून झालं का हे?"

मी गमछ्यावर बसलो नव्हतो. उभाच होतो. थोरलीला म्हणालो, तूही ऐक, हे तुझ्यासाठी पण आहे. मग त्यांना दोघांना सांगितलं:

"पाला कमी पडला नाही. पाल्याने पेशी गोल राहतात, हे आम्ही कधी दाखवलंच नव्हतं. त्या दिवशीचं द्रावण शिळं होतं. त्यात काहीही घातलं असतं तरी पेशी गोलच दिसल्या असत्या. हे मला त्याच वेळी माहीत होतं. हिला माहीत नव्हतं, हिने काम नीट केलं. कॅप्सूल बंद झाल्या तेही मला माहीत होतं, आणि मी खरं कारण सांगितलं नाही, कारण मला माझी लाज वाचवायची होती. तुमची काही चूक नाही. चूक माझी आहे. मी तुमची माफी मागतो, हिची मागतो, आणि आतली उठली की तिचीही मागेन."