विहिरीत पडायला रांग

आमच्या व्हिडिओ गेमच्या धंद्यात सध्या एक वाद जोरात आहे. व्यापारी मेळ्यांना आता काही अर्थ उरलाय का? एक पक्ष म्हणतो, मोठ्या कंपन्या घरबसल्या इंटरनेटवर घोषणा करून मोकळ्या होतात, मग कार्डं वाटायला एवढ्या लांब कशाला जायचं? खरी माणसं चाहत्यांच्या मेळाव्यात भेटतात. दुसरा पक्ष म्हणतो, चाहते फोटो काढून घरी जातात, सौदे व्यापारी मेळ्यातच होतात. मी दोन्हीकडे एकेकदा जाऊन आले आहे आणि माझं ठाम मतही आहे. पण ते माझ्या बाबांच्या घशाशी जोडलेलं असल्यामुळे चर्चासत्रात मांडता येत नाही.

मी आणि माझा नवरा नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये गेम बनवतो. तो चित्रं काढतो, मी कोड लिहिते आणि भांडणं दोघं मिळून करतो. आमच्या पहिल्या गेममध्ये एक मुलगी संत्र्याची बाग राखते. माकडं हाकलायची, पंप वेळेवर बंद करायचा आणि बागेतल्या उघड्या विहिरीत पडायचं नाही, एवढंच तिचं काम. पडली की वरून एक म्हातारा तिला झाडतो. तो आवाज माझ्या बाबांचा आहे.

बाबांची बाग नरखेड तालुक्यात आहे. त्यांच्या आवाजाला फोन लागत नाही. बागेच्या एका टोकाहून हाक मारली की दुसऱ्या टोकाचा गडी येतोच, शिवाय शेजारच्या बागेतलाही येतो. एकदा त्यांनी सुटलेली एसटी नुसत्या हाकेनं थांबवली होती. त्यांना बसायचं नव्हतं. मागचं चाक बसलंय एवढंच ड्रायव्हरला सांगायचं होतं.

असा आवाज घरात असताना बाहेरचा कशाला आणायचा, म्हणून आम्ही गाद्यांच्या कपाटात माइक लावला आणि बाबांना समोर बसवलं. पण त्यांना हवेत रागावता येईना. कोणी काही चूक केल्याशिवाय माणूस रागावेल कसा, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हटलं, यांच्यावर रागवा, आणि नवऱ्याला पुढे केलं. बाबा हबकलेच. "जावयाले कोणी बोलत असते काय वं?" लग्नापासून त्यांनी जावयापुढे आवाज म्हणून चढवलेला नाही. तो आला की बाबा एखाद्या सत्कारमूर्तीसारखे हळू बोलतात.

मग उरले मी. मी दूध उतू घालवलं. ओल्या पायांनी गादीवर चढले. स्टीलचं पातेलं ओट्यावरून खाली सोडलं. माइक चालू आहे हे बाबांना माहीत होतं, पण उतू गेलेलं दूध डोळ्यांसमोर असताना माइकची पर्वा कोण करतो? शेवटी मी नळ चालू ठेवला तेव्हा बाबा असे काही कडाडले, की शेजारच्या काकू दार वाजवून काय झालं म्हणून विचारून गेल्या.

"पाणी काय तुह्या बापाचं आहे काय वं?"

हे माझा बाप मला विचारत होता. नवरा कपाटात तोंडात रजई कोंबून बसला होता. हे वाक्य आम्ही पंप चालू राहतो तिथे टाकलं, आणि विहिरीसाठी पातेल्याच्या वेळचं घेतलं: "डोये काय घरी ठेवून आली वं?" मध्येमध्ये मलाही खराच राग येऊन मी उलट बोलले होते, ते तेवढं कापलं. म्हणजे आमच्या गेममध्ये ऐकू येतात ती सगळी बोलणी अस्सल आहेत आणि सगळी मी खाल्लेली आहेत.

गेम तयार झाल्यावर आम्ही हैदराबादला एका मोठ्या व्यापारी मेळ्यात टेबल घेतलं. तिथे माणसाच्या तोंडाकडे कोणी बघत नाही, गळ्यात लटकणाऱ्या ओळखपत्राकडे बघतात. आमच्या ओळखपत्रावर दोघांच्या नावापुढे 'संस्थापक' लिहिलं होतं. ते वाचून लोक हसून पुढे जात. गेम खेळायला कोणालाच वेळ नव्हता. सगळे दुसऱ्या कोणाला तरी भेटायला निघालेले होते, आणि ती दुसरी माणसंही तशीच निघालेली असणार. आम्ही दिवसभर एकमेकांना पाणी देत बसलो.

संध्याकाळी गेम बाजारात आणणाऱ्या एका प्रकाशन कंपनीचे गृहस्थ थांबले. एका हातात चहा घेऊन त्यांनी खेळायला सुरुवात केली आणि लगेच विहिरीत पडले. बाबांचा आवाज कडाडला, तसा अर्धा चहा त्यांच्या शर्टावर गेला. तरी माणूस सज्जन होता. रुमालानं शर्ट टिपत त्यांनी पुढे बराच वेळ खेळून पाहिलं, चित्रांचं कौतुक केलं आणि गेम आम्ही घेऊ म्हणाले. अट एकच होती. आवाज बदलायचा. सगळीकडच्या लोकांना चालेल असा, जरा मऊ, एखाद्या व्यावसायिक कलाकाराचा. महिन्याभरात कळवा म्हणाले.

परत आलो तर बाबा गावाहून नागपुरात आलेले होते, कारण त्यांचा घसा बसला होता. सर्दी असेल म्हणून गावात काढे पिऊन झाले होते. धंतोलीतल्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, तर स्वरयंत्रावर गाठ निघाली. साधी आहे, घाबरू नका, पण काढावी लागेल, असं ते म्हणाले. बोलता येईल, फक्त पहिल्यासारखा आवाज येणार नाही.

तिथल्या बाकावर बसल्याबसल्या बाबांनी हैदराबादचं विचारलं. मी सगळं सांगितलं, अटीसकट. बाबांनी आयुष्यभर संत्र्याचे व्यापारी पाहिलेत, त्यांना अट नवीन नव्हती.

"बदलून टाक," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बाजारात जायचं तर माल बाजाराच्या पसंतीचा पायजे." आणि वर म्हणाले, "तसाही तो आवाज आता कोठी आहे?"

मला रडू आलं. चहा आणते सांगून मी उठले आणि चहा न घेताच परत आले. बाबांनीही चहाचं विचारलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. काही आठवडे अजिबात बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बाबा गप्प म्हणजे काय, हे आमच्या घराला माहीतच नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाला टिकटिक आहे, हे मला तेव्हा कळलं. हैदराबादला होकार कळवायचा मेल मी दोनदा लिहून दोनदा पुसला. नवरा म्हणाला, थांब, नागपुरातल्या मेळाव्यात एकदा आहे तसा मांडून बघू.

चाहत्यांचा हा मेळावा शहराबाहेरच्या एका मंगल कार्यालयात होता. इथे पोरं आवडत्या गेममधल्या पात्रांचे वेश करून येतात. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं तशीच होती. फाटकावर वॉचमन थर्माकोलच्या तलवारी वाकवून तपासत होता. नागपूरच्या उन्हात फोमचं चिलखत घालून आलेले वीर पंख्याखालची जागा सोडत नव्हते. एक शिंगवाला राक्षस तर्री-पोहे खात होता आणि त्याची आई त्याचा मुखवटा वर धरून उभी होती. बाबांना सकाळी धंतोलीत दाखवायचं होतं, तिथून आम्ही त्यांना थेट इकडेच आणलं. पायजमा, टोपी आणि गळ्याला मफलर अशा वेशात ते टेबलामागे गपचूप बसले.

पहिला मुलगा विहिरीत पडला आणि बाबांचा आवाज सगळ्या हॉलभर घुमला. राक्षसाचे पोहे थांबले. मुलगा जरा दचकला, मग हसला आणि पुन्हा पडला. आपल्या मित्रांना तो बोलावून घेऊन आला. थोड्या वेळात आमच्या टेबलासमोर रांग लागली. माकडं बागेत धुमाकूळ घालत होती, संत्री फस्त करत होती, पण त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. सगळ्यांना विहिरीत पडायचं होतं. एकानं डोळे मिटून शपथ घेतली, की हा आवाज त्याच्याच वडिलांचा आहे.

मी बाबांकडे बघत होते. ते टेबलावरच्या एका ओरखड्याकडे बघत होते.

निळ्या केसांचा टोप घातलेल्या एका मुलीनं मला हळूच विचारलं, की हे टोपीवाले काका कोणत्या गेममधले झालेत? पोशाख अगदी हुबेहूब आहे.

मी म्हटलं, "याच गेममधले. विहिरीवरचे."

सगळी रांग वळली. मग काका, एकदा आम्हाला बोला ना, असा गिल्ला झाला. बाबांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यांनी घशावर हात ठेवला. मी घाईघाईनं ऑपरेशनचं सांगितलं. निळ्या केसांची मुलगी सॉरी म्हणाली, आणि सगळ्यांना कुठे बघावं ते कळेना.

तेव्हा बाबांनी हात पुढे केला. त्यांनी आजवर कंट्रोलरला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. तो उलटा धरला आहे हे मी सांगितलं, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. बागेतल्या मुलीला घेऊन ते वेडेवाकडे चालत विहिरीपाशी गेले आणि पडले.

"डोये काय घरी ठेवून आली वं?"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. बाबा पुन्हा पडले. मग पुन्हा. मागच्यांना आपली पाळी हवी होती, पण बाबा उठायला तयार नव्हते. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते.

परतताना ऑटोत त्यांनी डॉक्टरांचं बजावणं मोडलं. "राहू दे वं तो," एवढंच कुजबुजले.

त्याच संध्याकाळी मी हैदराबादला नकार कळवला. त्या गृहस्थांचं उत्तर सभ्य होतं आणि सौदा अर्थातच गेला. गेम आम्ही स्वतःच बाजारात आणला, बरा चालतो. अमेरिकेतल्या एका माणसानं लिहिलं, की तो म्हातारा काय म्हणतो ते कळत नाही, पण माझी चूक झाली एवढं नक्की कळतं.

बाबांना आता बोलता येतं. आवाज बारीक आहे, शेजारच्या बागेतला गडी येत नाही. आमच्याकडे आले की मी कधीकधी स्वयंपाकघरातला नळ चालू ठेवते. बाबा मला काही म्हणत नाहीत. शांतपणे उठतात, कॉम्प्युटरपाशी जाऊन बसतात आणि बागेतला पंप चालू सोडतात. मग आतल्या खोलीतून घर दणाणून जातं.

"पाणी काय तुह्या बापाचं आहे काय वं?"

हो बाबा, असं मनात म्हणून मी नळ बंद करते.