आर्ट्सचं प्रॅक्टिकल

आर्ट्सच्या मुलांचं प्रॅक्टिकल घेणारा प्राध्यापक मी आयुष्यात एकच पाहिला. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात सर तर्कशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवत. सायन्सची मुलं परीक्षानळ्यांची ऐट मिरवू लागली की ते आम्हाला म्हणत, "त्यांना एक खोली दिली आहे. तुम्हाला सारी अमरावती दिली. खुशाल फोडा, भरपाई मागणार नाही." सायन्सवाल्यांनी टिंगलीनं त्यांना 'प्रॅक्टिकलवाले सर' म्हणायला सुरुवात केली. सरांना ते इतकं आवडलं की पुढं तेच नाव टिकलं.

त्यांचा नियम साधा होता. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकानं कुठंतरी बिनपगारी काम करायचं. कुणी वकिलाकडे जाई, कुणी छापखान्यात, कुणी कापसाच्या जिनिंगमध्ये. सुट्टी संपताना सर त्या जागी येऊन तोंडी परीक्षा घेत. तिचे पंचवीस मार्क कॉलेजच्या परीक्षेत धरले जात. ते नसतील तर टर्म भरल्याची सही सर करत नसत, आणि सही नाही तर पुढची परीक्षाही नाही.

स्वतः सरांचं प्रॅक्टिकल बारा महिने चालू असे. त्यांचं घर अकोल्याला. शनिवारी ते निघत आणि बडनेऱ्याला गाडी बदलत. म्हणजे बदलायला जात. तिथं सिग्नलवाल्याला "हा दांडा ओढल्यावर तिकडे नेमकं काय होतं हो?" असं विचारत बसले की तिकडे अकोल्याची गाडी निघून जाई. "मास्तर, तुमची गाडी गेली ना!" असं त्यानं सांगितलं तर सर म्हणत, "जाऊ द्या. दांडा पुन्हा ओढा बरं." सरांच्या पत्नीनं, म्हणजे बाईंनी, शनिवारी रात्रीचा स्वयंपाक करणंच सोडून दिलं होतं.

माझी पाळी आली तेव्हा सरांनी विचारलं, "तुझं घर कशावर चालतं?"

"नांदगाव खंडेश्वरला मळा आहे, सर. भाजीपाला, थोडी संत्र्याची झाडं."

"मग तू संत्र्याच्या दलालाकडे जा."

माझा चेहरा पडला. टोपलं डोक्यावरून उतरावं म्हणून तर मी कॉलेजात आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची चौथीही ओलांडली नव्हती.

अमरावतीच्या बाजारात संत्र्यांचा भाव तोंडानं बोलत नसत. दलाल आणि गिऱ्हाईक दुपट्ट्याखाली हात घालत आणि बोटं दाबून भाव सांगत. पूर्ण बोट म्हणजे शेकड्याला एक रुपया, पेर म्हणजे चार आणे. एकेक गिऱ्हाईक हात घालून जाई. मालाचा धनी बाजूला तंबाखू मळत उभा राही. माझा बापही जन्मभर तसाच उभा राहिला होता.

थोड्या दिवसांनी दलालभाऊंनी मला दुपट्ट्याखाली हात घालू दिला. नेमकी त्याच सकाळी बापाची गाडी आली. मी आधी करंड्या उतरवल्या, मग भावाला बसलो. सौदा होईपर्यंत बाप तंबाखू मळत उभा राहिला. नंतर सगळ्या बाजारादेखत म्हणाला, "फी आमी भरून राहिलो, अन् हमाली तू करून राहिला? टोपलंच उचलाचं तं घरचं काय वाईट होतं? बस गाडीत. कालेज बंद!"

मी गाडीत बसलो. घरापर्यंत बाप फक्त बैलांशी बोलला.

दलालभाऊंकडून कळताच दुसऱ्या दिवशी सर सर्व्हिस मोटारनं नांदगावला हजर. बापानं खाट टाकली, पाणी दिलं आणि तोफ डागली. "मास्तर, टोपलं उचलाले कालेज कायले पाह्यजे?"

"भाऊ, पोरगा तिथं काही शिकला नसेल तर तुमचं खरं. मी त्याला शून्य देतो आणि उठतो. पण परीक्षा तर होऊ द्या. आज तुम्हीच घ्या."

"मी? मले सही येत नाही."

"प्रश्न तर येतो ना विचारता?"

 बाप माझ्याकडे वळला. "त्या दुपट्ट्याखाली काय बोलतेत बे?"

मी त्याच्याच खांद्यावरचा शेला घेतला, आमच्या हातांवर टाकला आणि आदल्या दिवशीचे भाव त्याच्या बोटांवर एकेक करून दाबले. लहानपणानंतर त्याचा हात मी पहिल्यांदा धरला होता. तो खरखरीत आणि गरम होता. तिसरा भाव लागला तसा बाप ताडकन म्हणाला, "हा तं जास्त होता! मंग दुसऱ्यालेच काहून देला माल?"

"तिसरा मोठी फळं तेवढी निवडून घेणार होता, बा. बारीक माल आपल्याच अंगावर पडला असता. दुसऱ्यानं सरसकट गाडी घेतली."

बाप शेला तसाच धरून बसला. "अन् मी एवढे साल त्या दलालाले शिव्या देऊन राहिलो!"

"चालू ठेवा," सर म्हणाले. "एकदम बंद केल्या तर त्याला संशय येईल."

बाप हसला. असा हसला की माय चुलीपासून उठून दारात आली. "किती मार्काचा पेपर आहे, मास्तर?"

"पंचवीस."

"चोवीस द्या. एक ठेवा. पुरे देले तं माजते."

सरांनी चोवीसच दिले.

पुढं सर निवृत्त होऊन अकोल्याला गेले. त्यांच्या जागी आलेल्यांनी हे प्रॅक्टिकल बंद केलं. आर्ट्सला ते शोभत नाही म्हणाले. मी बी. ए. झालो ते कळताच बाप मायलाही न सांगता परस्पर अकोल्याला गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उगवला. दोघं एवढा वेळ काय बोलले, ते त्यानं सांगितलं नाही. मग दर हंगामात तो सरांकडे करंडी घेऊन जाऊ लागला. मी नोकरीत अडकलो. माझं जाणं कमी झालं, त्याचं वाढलं.

सर गेले तेव्हा मी सुट्टीवर नांदगावलाच होतो. अकोल्याहून निरोप घेऊन आलेल्या माणसानं दारात उभं राहून माझ्या बापाचं नाव विचारलं. मी पुढं झालो, तर तो म्हणाला, "तुमाले नाही, तुमच्या बुवाले सांगा म्हटलं मास्तरच्या बाईनं." बाप मळ्यात पाणी देत होता. ऐकून त्यानं फावडं माझ्या हातात दिलं, पाय धुतले आणि अकोल्याच्या मोटारीसाठी रस्त्याला लागला.